घटते वजन मध्येच थांबते तेव्हा

आहारात काटछाट करून आणि नेमाने चालून वजन उतरवू पाहणाऱ्या स्त्रीपुरुषांची एक ठरावीक तक्रार असते. पहिल्या महिन्यात काटा भराभर खाली येतो. पुढे त्याची गती मंदावते आणि सहाव्या ते आठव्या महिन्याच्या सुमारास तो एका आकड्यावर येऊन थांबतो. जेवण पूर्वीसारखेच मोजके, चालणे पूर्वीइतकेच, तरीही आठवड्यामागून आठवडे तोच आकडा. आलेख काढून पाहिला असता घाट उतरताना मध्येच सडा लागावा तशी ही स्थिती दिसते. म्हणून तिला पठारावस्था असे म्हणतात.

या टप्प्यावर पुष्कळ लोक दोहोंपैकी एक मार्ग पत्करतात. काही जण ‘आपल्या अंगाला हे मानवत नाही’ असे ठरवून सारा नेम सोडून देतात. काही जण रात्रीचे जेवण तोडणे, नुसत्या फळांवर राहणे, जाहिरात पाहून चूर्णे मागविणे अशा उपायांकडे वळतात. नेम सोडल्यास मिळविलेला लाभ हातचा जातो, आणि आततायी उपायांनी प्रकृतीला अपाय होतो. वजन का थांबले याचा शोध घेण्याचे मात्र राहूनच जाते.

हा विषय केवळ शरीराच्या ठेवणीचा नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने देशभर झालेल्या मधुमेह पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातील प्रौढांत मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के होते, तर गोव्यात ते २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक आढळले. भारतीयांच्या शरीरात, अंगलट बारीक दिसत असतानाही, पोटाभोवती मेद साठण्याची प्रवृत्ती अधिक असते. त्यामुळे आपल्याकडे मर्यादाही कडक धरल्या जातात. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा २३ च्या वर गेला की वजन जास्त, आणि २५ वर पोहोचला की स्थूलता समजतात. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटर यांच्या आत असावा, असे सांगितले जाते.

पहिल्या पंधरवड्याचा भ्रम

पठाराविषयीच्या निराशेचे मूळ बहुधा पहिल्या पंधरवड्यातच असते. आपल्या यकृतात व स्नायूंत ग्लायकोजेन नावाच्या रूपात काही शतक ग्रॅम शर्करा साठविलेली असते, आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. भात, पाव, साखर कमी होताच हा साठा प्रथम वापरला जातो व त्याबरोबरचे पाणी बाहेर पडते. काट्यावर दीड-दोन किलो उतरलेले दिसतात. त्यांत मेदाचा वाटा थोडाच असतो. माणूस मात्र त्या गतीचा गुणाकार करून वर्षअखेरीचे वजन मनात ठरवून टाकतो. पुढील महिन्यांतील संथ उतार हाच खरा मेदाचा उतार असतो, आणि नेमका तोच त्याला अपयश वाटू लागतो.

शरीराचा जमाखर्च

एक उदाहरण घेऊन हिशेब मांडला म्हणजे गोष्ट स्पष्ट होईल. पणजीतील एखाद्या कार्यालयात बैठे काम करणारे ४५ वर्षांचे गृहस्थ आहेत, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ८६ किलो, असे समजू. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या व आजही वापरल्या जाणाऱ्या सूत्रानुसार, नुसते पडून राहिले तरी त्यांचे शरीर दिवसाला सुमारे १,६९० उष्मांक खर्च करते. उठणे, बसणे, थोडे चालणे धरून हा खर्च २,३७० च्या आसपास जातो. त्यांनी आहार १,९०० उष्मांकांवर आणला, तर रोजची तूट ४७० ची झाली.

एक किलो मेदात सुमारे ७,७०० उष्मांक असतात. जुन्या ठोकताळ्याप्रमाणे भागाकार केला तर वर्षाला २२ किलो वजन उतरावे. हा ठोकताळा १९५८ पासून पुस्तकांतून फिरत आहे. त्यावर पूर्ण विश्वास ठेवायचा, तर सदर गृहस्थ चार वर्षांत अदृश्य व्हावयास हवेत! तसे होत नाही, कारण खर्चाची बाजू स्थिर राहत नाही. देह हलका झाला की तो पोसण्यास व हलविण्यास कमी उष्मांक लागतात. शिवाय शरीर स्वतःहून थोडी काटकसर करू लागते. न कळत होणाऱ्या बारीकसारीक हालचालीही घटतात. दर किलो उतरलेल्या वजनामागे दिवसाचा खर्च सुमारे २० ते ३० उष्मांकांनी कमी होतो, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. दहा किलो उतरल्यावर गृहस्थांचा खर्च सुमारे २५० ने घटून २,१२० वर आला. आहार तोच १,९००. तूट उरली २२० ची.

येथे वजन थांबलेले नाही, मंदावले आहे. प्रारंभी एक किलो मेद उतरण्यास १६ दिवस पुरत होते, आता ३५ लागतील. आठवड्याला हा उतार जेमतेम २०० ग्रॅमचा. शरीरातील पाण्याच्या चढउतारानेच वजन एका दिवसात किलोभर इकडे-तिकडे होऊ शकते. आदल्या रात्री खारा बांगडा खाल्ला, बद्धकोष्ठ झाले, मासिक पाळी जवळ आली, नव्या व्यायामाने स्नायू दुखावले, की २०० ग्रॅमचा उतार त्या चढउतारात दिसेनासा होतो. म्हणून एकाच दिवसाच्या आकड्यावरून पठार लागले असे ठरवू नये. रोज सकाळी शौचास जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी, एकाच काट्यावर वजन घ्यावे व आठवड्याची सरासरी काढावी. सलग चार आठवडे सरासरी हलली नाही आणि कमरेचा घेरही तेवढाच राहिला, तरच ते खरे पठार समजावे.

शरीराच्या या काटकसरीचा सर्वांत प्रसिद्ध पुरावा दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील आहे. युरोपात उपासमार पसरली असता, उपाशी लोकांना पुन्हा कसे अन्नावर आणावे हे जाणण्यासाठी डॉ. अ‍ॅन्सल कीज यांनी १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात प्रयोग केला. शस्त्र हाती धरण्यास तत्त्वतः नकार दिलेले ३६ निरोगी तरुण स्वेच्छेने त्यात सहभागी झाले. २४ आठवडे त्यांना नेहमीच्या निम्म्याच्या आसपास, रोज सुमारे १,५७० उष्मांकांचा आहार देण्यात आला. त्यातच आठवड्याला ३५ किलोमीटर चालणेही होते. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. परंतु विश्रांतीतील उष्मांकांचा खर्च त्याहून अधिक, जवळजवळ ४० टक्क्यांनी उतरला. नाडी मंद झाली, हातपाय गार पडू लागले, अंगात पाणी साठून सूज आली. मन सारखे अन्नाभोवती घोटाळू लागले. कोणी कोणी पाककृतींची पुस्तके जमवू लागला. पठार लागल्यावर जेवण तोडून ते ओलांडू पाहणाऱ्याने हा वृत्तांत लक्षात ठेवावा.

तथापि या काटकसरीचा बाऊही करू नये. वरील हिशेबात शरीराने खर्च कमी केल्यानंतरही २२० ची तूट शिल्लक होतीच. मग काटा चार-चार आठवडे का हलत नाही? उरलेली तूट कोठे तरी भरून निघत असली पाहिजे, आणि ती बहुतेक वेळा ताटातूनच भरून निघते.

भूक आणि विस्मरण

वजन उतरते तशी भूक वाढते. मेदपेशी लेप्टिन नावाच्या द्रव्यामार्फत मेंदूला साठ्याची खबर देतात, हे १९९४ मध्ये उलगडले. साठा घटला की लेप्टिन घटते आणि मेंदू अन्नाची मागणी वाढवितो. ही मागणी किती वाढते, याचे मोजमाप केव्हिन हॉल प्रभृती अमेरिकन शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये मोठ्या युक्तीने केले. मधुमेहाचे एक औषध असे आहे की त्याने शर्करा लघवीवाटे बाहेर जाते. रुग्णाला या हानीची जाणीव होत नाही. असे औषध घेणाऱ्यांची वजने अभ्यासता असे दिसले, की दर किलो घटीमागे त्यांचे खाणे दिवसाला सुमारे १०० उष्मांकांनी वाढू पाहत होते. म्हणजे भुकेचा हा रेटा खर्चातील घटीच्या तीन-चारपट असतो. दहा किलो उतरविलेला माणूस रोज सुमारे हजार उष्मांकांच्या ओढीशी झगडत असतो. त्यांपैकी आठशे त्याने निग्रहाने थोपविले आणि दोनशे निसटले, तरी पठार लागते. अशा माणसाला ‘मनोनिग्रह नाही’ असे म्हणणे अन्यायाचे आहे.

निसटलेले दोनशे त्याला दिसत मात्र नाहीत. १९९२ मध्ये न्यूयॉर्क येथील संशोधकांनी, रोज १,२०० हून कमी उष्मांक खाऊनही वजन उतरत नाही असे सांगणाऱ्या दहा जणांचा अभ्यास केला. खर्च अचूक मोजणारी पद्धत लावली असता त्यांचा चयापचय सर्वसामान्य निघाला. त्यांनी खाल्लेल्या अन्नापैकी सरासरी ४७ टक्के अन्न त्यांच्या नोंदीत आलेच नव्हते, आणि शारीरिक श्रम ५१ टक्क्यांनी जास्त नोंदले गेले होते. ती माणसे खोटारडी होती असे समजण्याचे कारण नाही. चाखून पाहिलेले, पोरांच्या ताटात उरलेले, बोलता बोलता तोंडात टाकलेले अन्न कोणाच्याच लक्षात राहत नसते.

गळती कोठे शोधावी

गोमंतकीय स्वयंपाकघरात ही गळती शोधणे फारसे अवघड नाही. तेलाच्या प्रत्येक ग्रॅममागे नऊ उष्मांक मिळतात. दोन चहाचे चमचे तेल म्हणजे सुमारे ९०. दोन कप चहात एकेक चमचा साखर वाढली, ४० झाले. घरचे म्हणून येता-जाता उचललेले दहा-अकरा काजूगर, सुमारे १५ ग्रॅम, यांचे ८५. बेरीज २१५ झाली, आणि वरील गृहस्थांची उरलेली सारी तूट येथेच भरून निघाली. यांत मेजवानी नाही, सणाचा दिवसही नाही.

नारळाचे तसेच आहे. १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात ४०० च्या आसपास उष्मांक असतात. तेवढ्याच कच्च्या तांदळाहून ते अधिक होत. नारळ हे वाईट अन्न आहे, असा याचा अर्थ नव्हे. हुमणात वाटप, भाजीवर खवलेले खोबरे, जेवणाअखेर सोलकढी, असे एकाच जेवणात तीनदा खोबरे येते, तेव्हा भात निम्मा करूनही हिशेब जुळत नाही. रवा लावून तळलेला मासा आणि तोच मासा आमटीत शिजविलेला, यांत माशाचा फरक काही नसतो. रव्याने शोषलेल्या तेलाचा असतो. सकाळच्या पाव-पातळभाजीबरोबर मिरचीभजे हटकून येते. कार्यालयात कोणाच्या बढतीची, कोणाच्या वाढदिवसाची बशी फिरते, आणि ती परत करणे शिष्टाचारात बसत नाही. चतुर्थीच्या दिवसांत नेवऱ्या शेजाऱ्यांकडून येतात व शेजाऱ्यांकडे जातात. ज्याने त्याने आपली एखादी नेवरी अवश्य खावी. डबा मात्र टेबलावर उघडा राहू नये.

तेलाचा हिशेब घरगुती पद्धतीने काढता येतो. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल संपत असेल, तर माणशी रोज सुमारे ३० ग्रॅम तेल पोटात जाते. त्याचे २७० उष्मांक झाले. तेच तीन लिटरवर आणले तर माणशी सुमारे ७० उष्मांक वाचतात, आणि कोणाच्याही ताटातला एक घास कमी होत नाही. शाळांतून विद्यार्थ्यांना असा हिशेब गणिताचे उदाहरण म्हणून घालण्यासारखा आहे. मात्र वर्गासमोर मुलामुलींची वजने घेऊन आकडे मोठ्याने वाचण्याची पद्धत जेथे असेल तेथे ती बंद व्हावी. वाढत्या वयातील मुलांना हा लेख मुळीच लागू नाही.

गळती शोधण्याचे साधन म्हणजे एक वही. दोन आठवडे, खाल्ल्याबरोबर, खाल्लेले सर्व लिहावे. रात्री आठवून लिहू नये. भात वाटीने, तेल चमच्याने मोजावे. पहिल्या तीन-चार दिवसांतच पुष्कळांना आपला प्रश्न उलगडतो. नोंद ठेवण्याच्या आठवड्यांतच वजन पुन्हा हलू लागते, असाही अनुभव येतो. कारण लिहावे लागणार म्हणून हात आपोआप आखडतो.

पुढची पायरी

गळती थांबविल्यावरही काटा न हलल्यास आहारातून आणखी १०० ते २०० उष्मांक कमी करावेत, अथवा तेवढ्या खर्चाचे श्रम वाढवावेत. एकदम हजारांची कपात करू नये. वैद्यकीय देखरेखीवाचून स्त्रियांनी १,२०० च्या व पुरुषांनी १,५०० च्या खाली उतरणे योग्य नाही. फार वेगाने वजन उतरविल्यास पित्ताशयात खडे होण्याचा संभव वाढतो, आणि मेदाबरोबर स्नायूही झिजतात. स्नायू झिजले की विश्रांतीतील खर्च आणखी उतरतो, म्हणजे मूळ अडचणच वाढते.

स्नायू राखण्यासाठी जेवणातील प्रथिने कमी पडू देऊ नयेत. ताटात प्रथम मासे, अंडे, कडधान्य, दही किंवा डाळ वाढून घ्यावी व नंतर भात घ्यावा, एवढ्या क्रमबदलाचाही उपयोग होतो. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी प्रथिने वाढविण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. श्रमाच्या बाबतीत, जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम आणि त्याशिवाय दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम सांगितला आहे. यांपैकी दुसऱ्या भागाकडे आपल्याकडे सर्रास दुर्लक्ष होते. सकाळी मैदानावर चालणाऱ्यांची गर्दी असते. उठाबशा, जोर, वजन उचलणे हे मात्र तरुणांचे काम समजले जाते. चाळिशी उलटलेल्या स्त्रियांना तर त्याची विशेष गरज असते. खुर्चीचा आधार घेऊन उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून जोर काढणे, पाण्याच्या बाटल्या उचलणे, एवढ्यापासून प्रारंभ करता येतो.

नव्याने उपलब्ध झालेल्या इंजेक्शनांविषयी बरीच विचारणा होते. सेमाग्लुटाइड या औषधाच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी सुमारे १५ टक्क्यांनी उतरले, आणि अखेरीस तेही स्थिरावले. औषध थांबविल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आले. म्हणजे औषध घेऊनही पठार चुकत नाही. ते फक्त अधिक खालच्या पातळीवर लागते.

पठारावर थांबणेही चालते

प्रत्येक पठार ओलांडलेच पाहिजे असे नाही. दहा किलो उतरविलेले गृहस्थ ८६ वरून ७६ वर आले आहेत; ही घट ११ टक्क्यांहून अधिक आहे. मूळ वजनाच्या पाच ते दहा टक्के घट टिकविली तरी रक्तदाब, रक्तशर्करा व यकृतातील मेद यांवर इष्ट परिणाम होतो. दोन-तीन महिने हेच वजन राखावे, भुकेचा रेटा थोडा अंगवळणी पडू द्यावा, आणि मग हवे असल्यास पुढे जावे, हा मार्ग अधिक शहाणपणाचा दिसतो.

काटा थांबला म्हणून चालणे व मोजके खाणे सोडून देणाऱ्यांनी तर चेन्नईतील डॉ. ए. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासाचा विचार करावा. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ भारतीयांवर झालेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीसारखेच राहणाऱ्या गटात तीन वर्षांत ५५ टक्के लोकांना मधुमेह जडला. आहार व चालण्याचे पथ्य पाळणाऱ्या गटात हे प्रमाण सुमारे ३९ टक्के राहिले. विशेष हे, की पथ्य पाळणाऱ्यांचे वजन म्हणण्यासारखे उतरलेच नव्हते. काट्याने काहीही दाखविले नाही, तरी त्यांच्यापैकी अनेकांचा मधुमेह पुढे ढकलला गेला अथवा टळला. गोव्यासारख्या राज्यात या निष्कर्षाचे मोल फार आहे.

वैद्यकीय सल्ला केव्हा घ्यावा

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांनी आहार आणखी कमी करण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य भेटावे. वजन उतरल्यावर औषधाची पूर्वीची मात्रा जास्त होऊन रक्तशर्करा धोकादायकपणे खाली जाऊ शकते. घाम, थरथर, घेरी ही तिची लक्षणे होत. रक्तदाबाच्या गोळ्यांचेही तसेच; उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागल्यास मात्रा तपासून घ्यावी. कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नये. फार थकवा, थंडी न सोसणे, केस गळणे अशी लक्षणे असल्यास थायरॉईडची रक्तचाचणी करावी. स्टेरॉईड व मानसिक विकारांवरील काही औषधे वजन वाढवितात. त्यांना पर्याय असल्यास तो डॉक्टरच सुचवू शकतात. गरोदर व स्तनदा मातांनी वजन उतरविण्याचा कोणताही प्रयोग करू नये.

आरोग्य केंद्रात जाताना दोन आठवड्यांची वही, आठवड्यांच्या सरासरी वजनांची नोंद, कमरेचे माप आणि चालू असलेल्या सर्व गोळ्यांची वेष्टने बरोबर न्यावीत. कमरेचे माप शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडून, फीत न आवळता घ्यावे व दर वेळी त्याच जागी घ्यावे.